वाळत घातलेली चादर

सुझोऊ, चीन,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण फोनवर मी काही विचारलं की तुम्ही दोघं आधी एकमेकांकडे बघता आणि मग उत्तर देता. आणि उत्तरही काय, तर "ते राहू दे, तू जेवलीस का?" पत्राला असं मध्येच तोडता येत नाही.

जेवले. शेंगाचटणी गेल्या आठवड्यात संपली. इकडे थंडी पडायला लागलीय, काम जोरात आहे, माझं बाकी ठीक.

आता चेन आयीचं सांगते. चौथ्या मजल्यावरची, माझ्या बरोबर खालची. 'आयी' म्हणजे इथे मावशी. आई, मी पहिल्यांदा "आज आयीकडे जेवले" म्हणाले तेव्हा तुला वाटलं, पोरगी परक्या बाईला आई म्हणायला लागली. दोन दिवस घुश्शात होतीस. तर पुन्हा एकदा: आयी म्हणजे आईची बहीण, आणि आपल्यासारखंच, घरकामाला येणारी बाईही आयी, भाजीवालीही आयी. शिवाय यांच्याकडे बापाचा थोरला भाऊ बोबो, धाकटा शूशू, मामा ज्यूज्यू, आत्या गूगू. नात्यांची इतकी बारीक विभागणी बघून मला पहिल्याच महिन्यात घरी आल्यासारखं वाटलं होतं.

चेन आयी 71 वर्षांची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा एकुलता एक, कॅनडात, व्हँकूवरला. गेल्या महिन्यात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तारीख ठरली त्या संध्याकाळी ती वर आली आणि म्हणाली, "चार दिवस लागतील. मुलाला कळता कामा नये." दवाखान्यात नर्सनं मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आयीच बोलली, "गान न्युअर." म्हणजे मानलेली मुलगी. नर्सनं माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं आणि लिहून घेतलं.

इथे रोग्याजवळ घरच्या माणसानं बसायचं असतं, ते नसेल तर पैसे देऊन माणूस ठेवायचा. आयीनं आन्हुई प्रांतातली एक बाई ठेवली होती. तिची स्वतःची सासू गावी आजारी, मुलगा त्याच सासूजवळ वाढलेला. दुसऱ्यांच्या आया सांभाळून ती घरी पैसे पाठवते. मुलाला शहरात का आणलं नाहीस, असं मी विचारलं. 'हुकोऊ' एवढा एकच शब्द बोलली. 1958 पासून इथे प्रत्येकाची नोंद कुठल्या तरी एका गावाला बांधलेली असते. आता पुष्कळ ढिलं झालंय, तरी मुलाची शाळा बऱ्याच ठिकाणी अजून त्या नोंदीवर अडते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा होता. साडेसातला आयीनं मला घरी पाठवलं: स्वयंपाकघराच्या दारावरचं लाल कॅलेंडर आण, आणि माझा मरून स्वेटर. दवाखान्याच्या कपड्यांवर स्वेटर चढवला, सुईचा हात पांघरुणात घातला, आणि कॅलेंडर मला सलाईनच्या स्टँडला अडकवायला लावलं, बरोबर डोक्यामागे, म्हणजे भिंत दिसणार नाही. केस विंचरले. सात मिनिटं बोलली. काय जेवलास, नातीचा दात पडला का, इकडे खेकडे यंदा महाग आहेत. फोन ठेवला आणि डोळे मिटून पडून राहिली.

या प्रकाराला यांच्या भाषेत पाच अक्षरी म्हणच आहे: आनंदाची बातमी कळवायची, काळजीची नाही. मुलंही तेच करतात. म्हणजे दोन्हीकडून नुसती आनंदाची बातमी.

बाबा, तुम्हाला हिच्या गिरणीबद्दल ऐकायला आवडेल. सुझोऊ रेशमाचं गाव. आयी विशीत रेशमाच्या सरकारी गिरणीत लागली. गिरणी म्हणजे नुसती नोकरी नव्हे. घर गिरणीचं, पाळणाघर गिरणीचं, दवाखाना गिरणीचा, लग्नाला लागणारं पत्रही गिरणीनंच द्यायचं. याला 'दानवेई' म्हणत. सप्टेंबर 1980 मध्ये पक्षानं आपल्या सभासदांना उघडं पत्र लिहून एकाच मुलावर थांबायला सांगितलं, आणि आयीचा मुलगा 1982 चा. गिरणीतली एक बाई प्रत्येकीच्या पाळीच्या तारखा वहीत लिहून ठेवायची. बाकी काही प्रांतांत खेड्यातल्या लोकांना, पहिली मुलगी झाली तर, दुसऱ्या मुलाची सवलत होती. या जिआंग्सूत तीही नाही. एकावर थांबल्याचं लाल पुस्तक मिळायचं, वर सोनेरी अक्षरात 'गौरव'. आयीकडे ते अजून आहे, गॅसच्या कागदपत्रांत. त्या काळी भिंतींवर लिहिलेलं असायचं: एकच मूल चांगलं, म्हातारपण सरकार बघेल. ती ही ओळ म्हणून दाखवते आणि हसते. कडवटपणे नाही, खरंच हसते. मला ते जमत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारी गिरण्यांतून माणसं काढली तेव्हा हिचीही नोकरी गेली, चाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी. पुढे काय झालं ते सोलापूरच्या माणसाला काय सांगू! फक्त भोंगा बंद झाल्यावर तुम्ही निदान चारचौघांत शिव्या घातल्यात.

तुम्हीही माझ्यावरच थांबलात, पण तुमच्या मर्जीनं. आजी आयुष्यभर बोलली, तुम्ही ऐकलं नाहीत. त्या वहीतल्या तारखा ऐकल्यापासून मला ते फार मोठं वाटायला लागलंय.

आता इकडचे लोक म्हणतात, दोन होऊ द्या, तीन होऊ द्या. 2016 पासून दोन, 2021 पासून तीन. कोण ऐकतंय! 2013 साली 1 कोटी 34 लाख जोडप्यांनी लग्नाची नोंद केली होती, 2024 मध्ये 61 लाख. ऑफिसात माझ्याशेजारी बसते ती शियाओ झोऊ एकोणतीस वर्षांची आहे. आईवडिलांचं घर सायकलनं वीस मिनिटांवर, तरी एक खोली भाड्यानं घेऊन राहते. कशासाठी, तर म्हणे स्वतःचं दार हवं. त्या दाराची किल्ली आईकडे आहेच. आई दर शनिवारी वानटनचे डबे फ्रिजमध्ये ठेवून जाते आणि मांजराला रागावते. रविवारी हीच आई आगगाडीनं शांघायच्या पीपल्स पार्कात जाते. तिथे छत्र्या उघडून मांडलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. ज्याचं लग्न तो किंवा ती तिथे नसतेच, बहुतेकांना पत्ताही नसतो. आपल्या वधूवर मेळाव्यात निदान मुलगी स्टेजवर येऊन नाव तरी सांगते.

शियाओ झोऊला मध्यंतरी एक स्थळ आलं होतं, तोही एकुलता. दोन्ही घरांनी प्रस्ताव असा ठेवला: कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, दोन्हीकडे खोली, हुंडा नाही की देज नाही, मुलं दोन, पहिल्याला बापाचं आडनाव, दुसऱ्याला आईचं. या भागात आता हे सर्रास चालतं, 'दोन टोकांचं लग्न' म्हणतात. आणि मुलांनी दोन्हीकडच्या आजीआजोबांना बापाकडचेच शब्द वापरायचे, कारण आईकडच्या शब्दांत 'बाहेरचा' असं अक्षर असतं. हे ऐकून मी आधी टाळ्या वाजवल्या. आईच्या आईला बाहेरची म्हणायचं नाही, हे केवढं! इथे बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, पण मुलं मात्र आजवर बापाच्याच नावाची. शियाओ झोऊ म्हणाली, "दोन घरांना दोन वारस हवेत. मला किती मुलं हवीत, हे कागदावर कुठे लिहिलंय?" लग्न मोडलं. तिची आई पुन्हा छत्री घेऊन जाते.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच राहिलं. एकुलत्याचं लग्न एकुलतीशी झालं की त्यांच्या पोराला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. ते सगळे सुंदर शब्द आहेत आणि माणसं नाहीत. आत्ताच नववर्षाला गावी जाताना पोरं मोबाइलवर शोधतात, आजोबांच्या धाकट्या भावाच्या सुनेला काय म्हणायचं. 2020 च्या जनगणनेत घरटी सरासरी 2.62 माणसं निघाली, आणि एकट्या माणसाची घरं साडेबारा कोटी. माझंही घर तसंच. परदेशी लोकांना मात्र वेगळं मोजलं होतं.

याच सुझोऊजवळच्या वुजियांगचे फेई शियाओतुंग म्हणून मोठे समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. ते म्हणत, चिनी माणसाची नाती पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी असतात: मध्ये आपण, मग घर, मग भावकी, मग गाव, लांब जावं तसं फिकं. आमच्या जिन्यात मला त्यांची आठवण येते, कारण आता पहिल्या वर्तुळात कुणी नाही आणि तिसऱ्यात गर्दी आहे. सहा मजली इमारत, बारा घरं, लिफ्ट नाही. लिफ्ट बसवायची तर वरच्यांना हवी, तळमजल्यावरचे म्हणतात उजेड जाईल; दोन वर्षं भांडण चाललंय, मोहल्ला समितीच्या बाई चहा पाजून थकल्या. पण 2022 मध्ये कोविडमुळे इमारत बंद होती तेव्हा याच तळमजल्यावरच्या आजोबांनी सगळ्यांची भाजी एकत्र मागवून मजल्यामजल्यावर पोचवली होती. मला कोथिंबीर लागते हे त्यांच्या लक्षात आहे. आयी घरी आल्यावर जिन्यातल्या लोकांनी वीचॅटवर पाळी लावून तिला जेवण दिलं. तिच्या मुलाला अजूनही माहीत नाही. बारा घरांनी मिळून लपवलंय.

कायदा म्हणाल तर आहे. जुलै 2013 पासून मुलांनी आईबापांना वरचेवर भेटलं पाहिजे असं लिहिलंय, आणि शेजारच्या वूशीच्या कोर्टानं पहिल्याच दिवशी एका मुलीला दोन महिन्यांतून एकदा तरी आईकडे जायचा हुकूम केला होता. आपल्याकडेही 2007 चा निर्वाह कायदा आहेच. आयी म्हणते, कोर्टानं पाठवलेली मुलगी आली तर तिला वाढायचं काय?

दवाखान्यात पलीकडच्या खाटेवर हबेई प्रांतातली ऐंशी ओलांडलेली आजी होती. भारतात कुठली, विचारलं. सोलापूर तिला कळेना, मी 'के तीहुआ', म्हणजे डॉ. कोटणीसांचं चिनी नाव, म्हटल्याबरोबर उठून बसली आणि माझा हात सोडेना. लहानपणी भैय्या चौकातल्या त्या घराजवळून जाताना तुम्ही डॉ. कोटणीसांचं सांगायचात, मला कंटाळा यायचा. 1938 ला निघाले, 1942 च्या डिसेंबरात इकडेच गेले, बत्तीस वर्षांचे. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली आणि ते परत फिरले नाहीत. हा भाग तुम्ही नेहमी छाती फुगवून सांगायचात. त्या रात्री बसने परत येताना मला तो अभिमानाचा वाटला नाही. मी काही युद्धातल्या जखमींवर उपचार करत नाहीये, बाबा. मी यंत्रांचे सुटे भाग मोजून बोटीवर चढवते.

आणि घरी येऊन तुमचा रविवारचा कॉल आठवला. मग त्याआधीचा. मग त्याच्याही आधीचा.

तीन रविवार झाले, बाबा, तुम्ही झोपाळ्यावर नाही, आतल्या खोलीत बसून बोलताय. मध्ये एकदाही उठला नाहीत. बेल वाजली तेव्हा आई धावली. आणि तुमच्या मागे तीच लाल-निळी चादर वाळत घातलेली. आई, सोलापुरात चादर वाळायला तीन आठवडे? तिच्यामागे काय आहे? वॉकर आहे की नुसती औषधांची फळी? गेल्या वेळी डाव्या कोपऱ्यात रबराचं बूच बसवलेला एक ॲल्युमिनियमचा पाय दिसत होता. खुर्चीच्या पायाला असं बूच नसतं.

मी चिडलेले नाही. चिडायचं तर मीही ऑगस्टमध्ये आठ दिवस डेंग्यूनं पडले होते ते तुम्हाला आत्ता या ओळीत कळतंय.

तर पुढच्या रविवारी, 23 तारखेला, नेहमीच्या वेळी फोन करीन. चादर काढून ठेवा. बाबांनी खोलीतून तुळशीपर्यंत चालत जाऊन परत यायचं, वॉकर असेल तर वॉकरनं, आणि आईनं फोन हलवायचा नाही. एक्सरे असेल तर त्याचा फोटो त्याआधी पाठवा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची रजा टाकलीय. थेट विमानं आता परत सुरू झालीत. "कशाला एवढा खर्च" हे वाक्य मी आधीच ऐकलंय असं समजा.

चादरीची गोष्ट चेन आयीला सांगितली. पोटाला टाके, हसवत नव्हतं, तरी उशी धरून हसली. म्हणाली, तुझी आई हुशार आहे, पण तिला सांग, चादर दर आठवड्याला बदलायची असते.

तुमची,
सुमी