चरायला कुठं जातात, हे विचारल्याबद्दल

नमस्कार डॉक्टर मॅडम,

त्या दिवशी फोनवर नुसतं थँक्यू म्हणून ठेवला, पण तेवढ्यानं भागत नाही म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, शेळ्या पाळणारे बाकीचे पण वाचतील.

माझ्या तीन शेळ्यांची मान थरथरायची, मागचे पाय फाकवून डुलत चालायच्या, चारा समोर असून तोंडात नीट घेता येईना. कोणी म्हणे डोक्यात जंत झालेत, कोणी म्हणे पिसाळल्यात, विकून मोकळी हो. तुम्ही आलात, एकीचं डोकं वर धरून सोडलंत तर ती मागंच कोसळली, आणि बॅग उघडायच्या आधी विचारलंत, चरायला कुठं जातात? तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं, मी पण नाही.

नाल्याकाठी बेशरमाचं झुडूप माजलंय. जनावर त्याला तोंड लावत नाही असंच मी ऐकत आलेले. तुम्ही सांगितलंत की उन्हाळ्यात बाकी सगळं वाळतं आणि तेच हिरवं राहतं, मग भुकेनं सुरुवात होते, नंतर त्याचीच चटक लागते आणि एकीचं बघून दुसरी पण खायला लागते. म्हणून चटक लागलेल्या आधी वेगळ्या काढायला लावल्यात, हे मला कधीच सुचलं नसतं.

या बेशरमातलं विष म्हणजे स्वेनसोनिन, 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात स्वेनसोना नावाच्या झाडात सापडलं, अमेरिकेतल्या लोकोवीड नावाच्या विषारी रानझाडांमध्ये पण तेच. आणि ते झाड स्वतः बनवत नाही, झाडात राहणारी बुरशी बनवते, हे ऐकून तर मी थक्कच झाले! पेशीतली साखर तोडणारं एक एन्झाइम त्यानं बंद पडतं, मग न तुटलेली साखर पेशीत साठत जाते आणि मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी फुगून मरतात. यावर इंजेक्शन नाही, ते झाड खाणं बंद करणं हाच इलाज, आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. खोटी आशा दाखवून औषधं लिहून दिली नाहीत, त्याचे तर खास आभार.

दुधातून पण उतरतं म्हणालात म्हणून करडू वरच्या दुधावर ठेवलं, ते छान उड्या मारतंय. दोघी आता सरळ चालतात. तिसरी, सगळ्यात जास्त दिवस खाल्लेली, अजून वळताना पडते, पण पाठीला मांस धरलंय आणि गव्हाणीपाशी स्वतःची स्वतः येते. तिला विकली नाही मॅडम.

तुमची,
शेळ्यांवाली