पगार खात्यातल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

आपल्या कथक आणि बाहुल्यांच्या प्रयोगाला मिळालेल्या सरकारी अनुदानाचा शेवटचा हप्ता गेल्या आठवड्यात संस्थेच्या खात्यात आला. तुम्हाला फोन करून सांगितलं तर तुम्ही पहिलं काय विचारलंत, "लाईटवाल्याचे राहिलेले दिलेस का?" दिले काका, त्याच दिवशी दिले. मग मी आभार मानायला लागले तर तुम्ही विषय पावसावर नेलात. म्हणून आता हे सगळ्यांच्या देखत लिहितेय, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही, आणि आमच्यासारखे जे छोटे ग्रुप आहेत, नाचाचे, बाहुल्यांचे, लोककलेचे, त्यांनाही कळू दे की एका माणसाने मनापासून लक्ष घातलं की काय काय होऊ शकतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमची परळची छोटी कथकची संस्था आहे, आणि कुडाळकडचं एक कुटुंब कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतं, आम्ही दोघांनी मिळून जटायूचा प्रसंग बसवला. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे, तिथल्या ठाकर आदिवासी समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) अशा तिन्ही कला पिढ्यान् पिढ्या जपल्या आहेत. एकेकाळी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता या कलांना. २०२१ ला पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मुंबईतल्या कितीतरी लोकांनी हे गाव पहिल्यांदा ऐकलं. आमचे बाहुलीवाले दादा आणि वहिनी त्याच भागातले. खेळाचं सगळं त्यांच्या तोंडात आणि बोटांत, कागदावर एक ओळ नाही.

आता नाच आणि बाहुली एकत्र आणायचं म्हणजे नक्की काय, हे मला आधी लोकांना समजावताच यायचं नाही. बाहुली जेमतेम दीड फुटाची आणि बाजूला उभी असलेली आमची मुलगी सव्वापाच फुटाची, प्रेक्षकाची नजर आपोआप मुलीकडेच जाते. दोऱ्यांवर लाईट पडला की खेळ उघडा पडतो आणि लाईट कमी केला की मुलीच्या चेहऱ्यावरचा अभिनय दिसत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमच्या सीतेच्या बाहुलीला पायच नाहीत, कमरेखाली नुसतं लुगडं, आणि कथक तर सगळं पायात. कितीतरी दिवस आम्ही यावर अडून होतो. मग एका रिहर्सलला वहिनींनी बाहुली पुढे चालवली आणि मागे अंधारात एका मुलीने सहज तत्कार (कथकमधलं पायांचं काम) धरला, आणि एकदम वाटलं की बाहुलीच चालतेय, तिच्याच पायातले घुंगरू वाजतायत. दादा हातातली बाहुली तशीच धरून वळून बघत राहिले. तिथून पुढे सगळा प्रयोग त्याच्यावरच उभा राहिला, बाहुलीचे पाय म्हणजे आमच्या मुली, आणि मुलींनी आपलं अंग मागे ठेवायचं, पुढे यायचं नाही. कथक शिकलेल्या मुलीला हे किती अवघड जातं ते नाचणाऱ्यांना विचारा, आयुष्यभर पुढे यायलाच शिकवलेलं असतं.

हे सांगायचं कारण असं की ही गोष्ट रिहर्सलला सापडली. एकत्र रिहर्सलला. आणि एकत्र रिहर्सल म्हणजे कोकणातून माणसं मुंबईत येणार, राहणार, जेवणार, तेवढे दिवस घरची कामं टाकून येणार. जून-जुलैत भाताची लावणी असते तेव्हा ती येऊच शकत नाहीत, मग गणपती, मग कापणी, दिवाळीनंतर कुठे जरा मोकळीक, आणि इकडे सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे मधले थोडेच महिने हातात. त्या महिन्यांत माणसांना फुकट बोलवायचं कुठल्या तोंडाने?

मी तुमच्याकडे आले होते ते फक्त बेरीज तपासून घ्यायला. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची निर्मितीसाठीची जी अनुदान योजना आहे तिच्यात नेहमीची मर्यादा ५ लाखांची, आणि खर्चाचा एक चौथा हिस्सा आपण स्वतः उभा करायचा असतो, हे कुणीतरी सांगितलं होतं. त्या हिशोबाने मी एक पान केलं होतं. हॉल, लाईट, साऊंड, कपडे, प्रवास, छपाई. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "यात माणसं कुठायत?"

खरंच नव्हती ना काका. शेवटी "कलाकार मानधन" अशी एक ओळ आणि समोर उरलेला आकडा. आपल्याकडे सगळे असंच करतात, हॉलचं भाडं ठरलेलं, साऊंडवाल्याचा रेट ठरलेला, मग जे उरेल ते कलाकारांत वाटायचं, आणि नाही उरलं तर कलाकार म्हणतात जाऊ दे, पुढच्या वेळी बघू. तुम्ही त्या एका ओळीची दीड पानं केलीत. दोरे धरणारे वेगळे, बाहुली कोरणारा वेगळा, बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या वहिनी वेगळ्या, हुडूक (छोटं चर्मवाद्य) वाजवणारा, टाळ धरणारा, प्रत्येक मुलगी, आणि प्रत्येकाच्या समोर दोन रकाने, एक प्रयोगाचा आणि एक रिहर्सलचा. रिहर्सलला पैसे मागितले तर अनुदान ठरवणारी समिती नाही म्हणेल असं मला आपल्याच एका नाटकवाल्या मित्राने सांगितलं होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काम आहे ना? मग पगार आहे."

तुम्ही गिरणीच्या पगार खात्यात होतात हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला. १९८२ चा संप तुम्ही बघितलाय, पगाराच्या तारखेला पाकीट नाही आलं की चाळीत काय होतं ते बघितलंय. त्यानंतर इतकी वर्षं पतपेढीचे हिशोब लिहिलेत. मला वाटतं म्हणूनच तुम्हाला आकड्याच्या मागचा माणूस आधी दिसतो. सरकारी पैसा म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रकारचे लोक भेटतात, एक म्हणतात मिळतोय तर घ्या, दुसरे म्हणतात त्या भानगडीत पडूच नका. हा लोकांचा पैसा आहे, मागताना लाजायचं नाही आणि खर्च करताना एक रुपया इकडचा तिकडे करायचा नाही, असं सांगणारे तुम्हीच पहिले भेटलात.

मग तो कागदांचा डोंगर. नोंदणीचं सर्टिफिकेट, संस्थेची घटना, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब, नीती आयोगाच्या दर्पण या संस्थांसाठीच्या पोर्टलवरची नोंदणी, ठराव. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तुम्ही स्वतः माझ्याबरोबर आलात, गुडघा दुखत असताना, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी असं बोललात की तेही आपणहून सांगायला लागले कुठला कागद आधी लावा आणि कुठला नंतर. त्यांचेही आभार मानायचेत मला.

आणि संहिता! प्रयोग लावायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, त्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्याकडे तर लिहिलेलं काहीच नव्हतं. दादा म्हणाले लिहिलेलं कधीच नव्हतं, त्यांच्या आज्याकडेही नव्हतं. तेव्हा तुम्ही त्यांना तुमच्याच खोलीवर बसवून घेतलंत, मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलंत आणि रात्री बसून तुमच्या त्या पगारपत्रकाच्या अक्षरात उतरवून काढलंत. जटायू आणि रावणाचं बोलणं, मधली गाणी, कुठे हुडूक थांबतो आणि कुठे परत धरतो ते सुद्धा. दुसऱ्या दिवशी दादांना वाचून दाखवलंत तर ते म्हणाले एक ओवी चुकलीय, आणि तुम्ही दोघं त्या एका ओवीवर अख्खी सकाळ बसलात. काका, तुम्ही ते सरकारी कामासाठी केलंत, पण आज दादांची मुलगी त्याच वहीवरून पाठ करतेय. मंजुरी नसती आली ना तरी एवढ्या एका वहीसाठी मी तुम्हाला असंच पत्र लिहिलं असतं.

मंजुरी आली तेव्हा आम्ही नाचलो (दुसरं काय करणार), आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात की मधल्या काळाचं काय. हा भाग आमच्यासारख्या सगळ्यांनी नीट वाचा. अनुदान दोन हप्त्यांत येतं, ७५ टक्के आधी आणि उरलेले २५ टक्के प्रयोग झाल्यावर, सीएने सही केलेले हिशोब आणि जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच वापरले असं लिहून देणं) दिल्यावर. म्हणजे प्रयोग होऊन जातो, टाळ्या होतात, आणि शेवटचा पैसा कधी येईल ते आपल्या हातात नसतं. छोट्या संस्था बहुतेक इथेच बुडतात, आणि बुडताना सगळ्यात आधी कलाकाराचे पैसे थांबतात कारण तो आपला माणूस असतो, तो ओरडत नाही. तुम्ही बरोबर उलटं केलंत. पहिल्या हप्त्यातून आधी माणसं, मग सामान, आणि ज्यांना थांबणं परवडतं त्यांना आधीच फोन करून, समोर बसवून, शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबाल का असं विचारलंत. लाईटवाले भाऊ थांबले, त्यांचे उपकार आहेत. आमचा स्वतःचा हिस्सा क्लासच्या फीमधून, कोकणातल्या मंडळांच्या वर्गणीतून आणि दोन पालकांच्या मदतीतून उभा राहिला, त्याच्याही पावत्या तुम्ही फाडायला लावल्यात, पन्नास रुपयाची असली तरी.

दादा-वहिनी आणि मंडळी तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरली, बाहुल्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन, आणि रिहर्सलचे पैसे दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खात्यात होते. दादांनी मेसेज दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "खेळ होवच्या आधी पैशे?" वहिनींचे पैसे वहिनींच्या खात्यात, दादांच्या नाही, हेही तुमचंच. बाहुल्यांचे कपडे त्या इतकी वर्षं शिवतायत आणि त्यांच्या नावावर कधी काही आलंच नव्हतं. त्यांनी त्यातून नवीन शिलाई मशीन घेतलंय काका, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. गावच्या सुताराकडे छापील बिल कुठलं असणार, तर त्याचं व्हाउचर कसं करायचं, त्यावर काय काय लिहायचं, कोरलेल्या लाकडाचा फोटो का जोडायचा, हे तुम्ही आमच्या दोन मुलींना शिकवलंत. त्यातली एक आता बाकीच्या ग्रुपना मदत करते.

प्रयोगासाठी आम्ही मुद्दाम छोटा हॉल घेतला, कारण कळसूत्री बाहुली बाल्कनीतून दिसत नाही, तिचा मान वळवणं, हात छातीशी नेणं जवळूनच बघायचं असतं. दामोदर हॉल पुनर्विकासासाठी बंद झाल्यापासून परळमध्ये कोकणातल्या कलेला हक्काची जागा नाही ही खंत आहेच, १९२२ पासूनचा तो हॉल, गिरणगावातल्या चाकरमान्यांनी तिथे किती दशावतार आणि नमन बघितली असतील. पण त्या दिवशी आमच्या छोट्या हॉलमध्ये पालिकेच्या शाळेतली मुलं पुढे जमिनीवर बसली होती, आणि रावणाने जटायूचा पंख तोडला, लाकडी पंख खरंच सुटून खाली पडतो तो क्षण, तेव्हा एक मुलगा उठून पंख उचलायला पुढे आला. दादांनी खेळ थांबवला नाही, जटायूची मान त्या मुलाकडे वळवली. मागे आमच्या मुलींनी पाय थांबवले, नुसता हुडूक. मी विंगेत उभी राहून रडले. तुम्ही शेवटच्या रांगेत होतात, तुमचं काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण बाहेर आल्यावर वहिनींना वाकून नमस्कार केलात, तो मी बघितला.

तर काका, थँक्यू. फाईलसाठी, वहीसाठी, वरळीच्या फेऱ्यांसाठी, आणि आम्हाला माणसं आधी मोजायला लावलीत त्यासाठी. आणखी एक. या सगळ्या दीड पानात तुमचं नाव कुठेच नव्हतं. मी एकदा "हिशोबनीस" अशी ओळ घातली होती तर तुम्ही पेनाने काट मारलीत आणि ते पैसे वाजवणाऱ्यांकडे वळवलेत. आता चामड्याच्या बाहुल्यांबरोबर नवीन काम बसवायचं चाललंय, त्याचं बजेट मुली करतायत, आणि त्यात ती ओळ परत घातलीय, आपल्या स्वतःच्या चौथ्या हिश्शातून. काम आहे ना काका? मग पगार आहे. यावेळी ठराव करून सह्या घेतल्यात, दादा-वहिनींचीही आहे. रविवारी फाईल घेऊन येते, बेरीज तपासा, पण त्या ओळीला पेन लावायचं नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची, घुंगरांच्या आवाजाने तुमची दुपारची झोप मोडणारी