लंडनची यादी

सातारा

चि. मृणाल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी लंडनची यादी बाबांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. दोन दिवसांत बिग बेन, वेस्टमिन्स्टर ॲबी, टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज, सेंट पॉल्स, बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय, ब्रिटिश म्युझियम आणि वर ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी. मैत्रिणी पहिल्यांदाच जातायत, त्यांना सगळंच बघायचं असणार. पण एवढं कोंबलंत तर निम्मा वेळ रांगेत जाईल, उरलेला ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि परत आल्यावर कुठला फोटो कुठला हेही सांगता यायचं नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, मला हे बघवत नाही. फोनवर सांगितलं तर तू "हो गं, बघते" म्हणशील, म्हणून पत्र.

आपण डरहॅमला गेलो होतो ते आठवून बघ. कॅथेड्रलला तिकीट नव्हतं, पुढची गाडी पकडायची नव्हती, त्यामुळे आपण आत निवांत बसलो. १०९३ साली सुरू झालेलं बांधकाम चाळीस वर्षांत उभं राहिलं. ते जाडजूड खांब, कुणावर नागमोडी रेघा, कुणावर शंकरपाळ्याची नक्षी. त्या स्वयंसेवक आजोबांनी सांगितलं की खांबाचा घेर आणि उंची जवळजवळ सारखीच आहे, तेव्हा तू दोन्ही हात पसरून खांबाला कवळ घालायला गेलीस. प्रत्येक दगडावरची नक्षी खाली जमिनीवर कोरून घेतली आणि मग दगड वर चढवला. वर गेल्यावर रेघेला रेघ जुळली पाहिजे! ते कोरणाऱ्या हातांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आणि ते रंगवलेलं लाकडी घड्याळ. १६५० साली डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश सैनिक इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या माणसांनी त्या देवळात डांबले. थंडी आणि उपासमारीने माणसं पटापट मरत होती. उरलेल्यांनी ऊब मिळावी म्हणून हाताला लागेल ते लाकूड जाळलं. घड्याळ तेवढं वाचलं. त्यावर स्कॉटलंडचं काटेरी फूल कोरलंय म्हणून त्यांनी ते सोडलं, असं सांगतात. त्या कैद्यांचे सांगाडे कॅथेड्रलच्या जवळच एका खड्ड्यात सापडले ते २०१३ साली. तू मला हॉटेलवर आल्यावर विचारलंस, "आई, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नव्हती का?" मृणाल, हाच प्रश्न घेऊन लंडनला जा. एवढं केलंस तरी माझं समाधान आहे.

तुमची गाडी लीड्सहून किंग्ज क्रॉसला लागेल. बाहेर पडल्या पडल्या ट्यूबमध्ये घुसू नका. शेजारीच सेंट पँक्रस आहे. लाल विटांची, मनोऱ्यांची ती इमारत मुळात रेल्वेचं हॉटेल, १८७३ साली उघडलेलं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. मामाकडे मुंबईला गेलो की ओव्हल मैदानावरून तुला राजाबाई टॉवर दाखवायचे ना, तो आणि त्याच्या शेजारचा विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, दोन्ही याच स्कॉटचे. हा माणूस मुंबईत कधी आलाच नाही, लंडनहून नकाशे पाठवले. टॉवरचे पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि आईचं नाव त्याला दिलं. सेंट पँक्रसच्या कमानी, टोकदार खिडक्या नीट बघ आणि पुढच्या वेळी मुंबईत उतरलीस की ओव्हलवर जा. आत फलाटांवरचं लोखंडी छतही बघ. एकही मधला खांब नाही, एका झेपेत ७० मीटरहून जास्त रुंदी. १९६० च्या दशकात हे सगळं पाडायला निघाले होते. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून १९६७ साली त्याला सरकारी संरक्षण मिळालं आणि ते उभं राहिलं.

बकिंगहॅम पॅलेस यादीतून काढलास तरी चालेल, फाटकाबाहेर गर्दीत उभं राहून काहीही दिसत नाही. बिग बेन वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून दिसतं, तेवढं पुरे. लंडन आयचे पैसे वाचवा आणि ते ॲबीच्या तिकिटाला लावा.

ॲबीला मात्र पुरती सकाळ ठेव. १०६६ च्या नाताळात इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा राज्याभिषेक तिथे झाला आणि तेव्हापासून इंग्लंडचे राज्याभिषेक तिथेच होतात. तिथेच समाध्या आहेत न्यूटनची, डार्विनची आणि २०१८ पासून त्या दोघांच्या मध्ये स्टीफन हॉकिंगची. तू विज्ञानाची, तिथे तू आपण होऊन थांबशीलच. मी सांगतेय ते उत्तरेकडच्या बाजूचं. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती सर आयर कूट याचं भलंमोठं स्मारक आहे, थॉमस बँक्स या शिल्पकाराने घडवलेलं. विजयदेवता कूटचं चित्र टांगतेय आणि बाजूला एक उघडा माणूस खचून बसलाय. तो बंदिवान मराठा म्हणून ओळखला जातो. आता बघ, कूटचं नाव झालं ते १७६० मध्ये वांदिवाशला फ्रेंचांना हरवल्यामुळे आणि १७८१ मध्ये पोर्टो नोव्होला हैदर अलीशी लढल्यामुळे. तरी पायाशी बसवायला मराठा. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाच मिनिटं बघ. देहाचं काम फार सुंदर आहे, शिल्पकाराने जीव ओतलाय, आणि तरीही आपल्याला बघताना त्रास होतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात. तिकीट जमलंच नाही तर संध्याकाळच्या प्रार्थनेला फुकट बसता येतं, पण तेव्हा आत हिंडता येत नाही आणि फोटोही काढायचे नसतात.

सेंट पॉल्सच्या तळघरात वेलिंग्टनची समाधी आहे. नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूचं नाव सगळे घेतात. हाच वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरच्या किल्ल्यावर चढला आणि सप्टेंबरात आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढला. ती लढाई तो शेवटपर्यंत विसरला नाही. समाधीजवळ उभी राहशील तेव्हा असईत पडलेली दोन्हीकडची माणसं आठव, इंग्रजांच्या बाजूनेही बहुतेक आपलेच शिपाई होते.

टॉवरला कोहिनूर बघशील. सरकत्या पट्ट्यावर उभं करून पुढे नेतात, थांबू देत नाहीत. म्हणून आधीच मनात घोळवून जा: १८४९ साली लाहोरच्या तहावर पंजाबच्या राजाची, दुलीपसिंगाची सही घेऊन हा हिरा नेला तेव्हा ते पोर दहा वर्षांचं होतं. आपली सहावीतली मुलं त्या वयाची असायची. मी तो धडा शिकवताना नेहमी एखाद्याला उभं करायची आणि वर्गाला म्हणायची, एवढासा होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. टॉवरपासून लेडनहॉल स्ट्रीट चालत जाण्याएवढा जवळ आहे. तू कामावर गेली होतीस तेव्हा मी आणि बाबा गेलो होतो. लॉइड्स या विमा बाजाराची १९८६ सालची इमारत, नळ, जिने, लिफ्ट सगळं बाहेरून लावलेली. बाबा म्हणाले, "इथे काय बघायचंय?" त्या जागी ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. १८५८ साली कारभार राणीकडे गेला आणि पुढच्या काही वर्षांत वास्तू पाडून टाकली. त्या वास्तूच्या पायऱ्या आपल्या साताऱ्याच्या रंगो बापूजींनी वर्षानुवर्षं चढल्या.

१८३९ साली कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेत गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. भागधारकांच्या सभेत उभे राहून बोलले, पत्रकं छापून वाटली, पार्लमेंटच्या सभासदांना गाठलं. विचार कर, त्या थंडीत, परमुलखात, पैशाची कायमची चणचण, घरचं पत्र यायला महिनोन्‌महिने. १८४७ ला महाराज काशीत वारले. १८४८ ला त्यांच्या जागी गादीवर बसवलेले छत्रपतीही वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्यच खालसा केलं. ज्यांच्यासाठी भांडायचं ते गेले, ज्या गादीसाठी भांडायचं ती गेली, तरी हा माणूस आणखी पाच वर्षं तिथे दारं ठोठावत राहिला. परत आले ते रिकाम्या हाती. १८५७ च्या उठावात त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला, इथेच गेंडामाळावर सतरा जणांना मारलं त्यात. रंगो बापूजींवर इनाम लावलं होतं, पण ते शेवटपर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

हे सगळं मी बाबांना लॉइड्सच्या समोर, फुटपाथवर उभी राहून सांगितलं. आजूबाजूने सुटाबुटातली माणसं कॉफीचे कप घेऊन धावत होती. रंगो बापूजींचं नाव आम्हाला तिथे कुठे दिसलं नाही. बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ ते वर बघत राहिले. मग म्हणाले, "मृणालला सांगितलंयस का हे?" सांगितलं नव्हतं. मैत्रिणी कंटाळतील असं वाटत असेल तर त्यांना शेजारच्या लेडनहॉल मार्केटात पाठव, १८८१ सालचं सुरेख रंगीत छत आहे, त्यांना आवडेल. तू दहा मिनिटं एकटी त्या रस्त्यावर थांब.

दुसऱ्या दिवशी वेळ राहिला तर घरं बघ. मेडा व्हेलला हाउली प्लेसमध्ये लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी राहिले, दारावर निळी पाटी आहे. ते बाहेरूनच बघायचं, आत लोक राहतात. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर मात्र आतून बघता येतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना, १९२१-२२ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. तूही परदेशात भाड्याच्या खोलीत राहून शिकलीस. त्या जिन्यावरून वर जाताना तुला काय वाटतं ते मला ऐकायचंय.

वाघनखांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला जाणार असलीस तर थांब, ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या कराराने आपल्याकडे आली, मी साताऱ्याच्या संग्रहालयात रांग लावून पाहिली. महाराजांनी वापरली ती हीच का, हे ते म्युझियमही छातीठोकपणे सांगत नाही. तिथे टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे, तो बघ.

रेल्वेचं सवलतीचं कार्ड सोबत घे, एक तृतीयांश भाडं वाचतं. ॲबी आणि टॉवरची तिकिटं आधी ऑनलाइन काढ. सप्टेंबरात ओपन हाउस असतं, एरवी बंद असणाऱ्या इमारती तेव्हा फुकट बघायला मिळतात. परराष्ट्र खात्यातलं दरबार कोर्ट कधी कधी त्यात असतं. तो जुन्या इंडिया ऑफिसचा चौक, आपला कारभार तिथून चालायचा. ट्रिप तेव्हा ठेवता आली तर फार बरं, बाकीच्यांना विचारून बघ. तारीख ठरली की कळव. मेतकूट आणि लसणाची चटणी पार्सलने पाठवलीय, मिळाली का तेही लिही.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई