तक्रार: 'त्वचारोगांपासून संपूर्ण संरक्षण' लिहिलेला डबा आणि माझ्या घोडीची पाठ

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

खानापूर तालुका, जि. बेळगाव
दि. ४ सप्टेंबर

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन लावला. त्यानंतर रात्री झोप लागली नाही, म्हणून उजाडल्याबरोबर हे पत्र लिहायला बसलो. तुमचा माल काय आहे हे तुम्हाला सांगत बसत नाही. घोड्याच्या खाण्यात कालवायच्या पूरक चूर्णाचा दीड किलोचा डबा, वर काळ्या घोड्याचं चित्र, त्याखाली लाल ठळक अक्षरांत 'पावसाळ्यात त्वचारोगांपासून संपूर्ण संरक्षण'. रोज ३० ग्रॅम. असे दोन डबे घेतले, प्रत्येकी १,४५० रुपये. बिल जोडलं आहे.

माझी घोडी तारा नऊ वर्षांची, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. लग्नाच्या वराती, बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गावोगावच्या जत्रा आणि दसरा, यावर आमचं घर चालतं. २० मेपासून, म्हणजे मिरगाच्या आधीच, तुमचं चूर्ण भिजवलेल्या हुलग्यात कालवून देत होतो. एक दिवस चुकवला नाही.

१८ जुलैला सकाळी खरारा करताना पाठीवरचा केसांचा झुपका मुळाशी खपली घेऊनच हातात आला. रंगाचा ब्रश असतो ना, तसा दिसत होता. खाली कातडी ओली, गुलाबी, पू धरलेली. दोन दिवसांत पाठीपासून पुठ्ठ्यापर्यंत तसेच डाग. हात लावला की घोडी अंग थरथरवायची. जिथे खोगीर बसतं नेमकी तीच जागा गेली.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खपली भिजवून काचेवर घेतली आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. गोल गोल जंतू, रेल्वेच्या रुळांसारखे जोडीजोडीने ओळीत. नाव डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस. ही बुरशी नाही, जिवाणू आहे. पावसाने कातडी सतत भिजून मऊ पडली, त्यात ओरखडा असला किंवा माशी चावलेली असली की तो आत शिरतो. ओल मिळाली की त्याचे बीजाणू जागे होतात आणि पोहत पुढे सरकतात. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस तुम्ही पाहिला नसेल, तर आषाढात एकदा येऊन बघा. आमच्याकडे घोडी गोठ्यात बांधली तरी हवेतली ओल कातडीला सोडत नाही.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की असा जंतू खाण्यातलं कुठलंही चूर्ण एकट्याने थांबवू शकत नाही. अंग कोरडं ठेवा, खपल्या कोमट पाण्यात भिजवून हळू काढा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने धुवा, गरज पडली तर पेनिसिलिन, आणि एका घोड्याचा खरारा दुसऱ्याला लावू नका. हे शेवटचं आम्ही पाळलं नव्हतं. डब्यावर 'संपूर्ण संरक्षण' वाचून पुतण्याने तोच खरारा शेजारच्या शिंगराला लावला, त्याच्याही पाठीवर खपल्या उठल्या. ती चूक आमच्या घरची आहे, मी लपवत नाही. पण संपूर्ण संरक्षण हे दोन शब्द कुणी छापले?

मी पूरक आहाराला नावं ठेवणारा माणूस नाही. माझे वडील दर पावसाळ्यात जवस शिजवून द्यायचे आणि घोडी तुकतुकीत असायची. जस्त, तांबं, जवसातली चरबी यांनी कातडी धड राहते हे मला मान्य आहे. म्हणूनच तर तुमचा डबा घेतला. पण डॉक्टरांनी डब्यावरचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले तेव्हा मला घाम फुटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये घोड्यांसाठी जी प्रमाणं दिली, त्यानुसार दर किलो कोरड्या चाऱ्यामागे ४० मिलिग्रॅम जस्त लागतं. तारा दिवसाला ७ किलो खाते असं धरलं तर गरज झाली २८० मिलिग्रॅमची. तुमच्या डब्यात किलोला २,००० मिलिग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅममध्ये फक्त ६०. आणि लोह? किलोला ५,००० मिलिग्रॅम. आमची माती तांबडी, म्हणजे लोहाचीच, चाऱ्याबरोबर ती पोटात जातेच. जास्तीचं लोह जस्त आणि तांब्याच्याच आड येतं. मग ते घालायचं कारण काय? डब्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत आयएस १६६४ छापलंय. तो गुराढोरांच्या खनिज मिश्रणाचा मानक आहे. वर घोडा आणि खाली गाय, असं का?

आता कालच्या फोनबद्दल. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, दाबलं. एकवीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगा आला. तक्रार क्रमांक दिला, २० जुलै, २६ जुलै आणि ९ ऑगस्ट अशा तिन्ही फोनांच्या तारखा सांगितल्या. २६ जुलैला "४८ तासांत आमचे डॉक्टर फोन करतील" असं सांगितलं होतं, आजवर कुणाचा फोन नाही. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं,

"सर, सध्या दूध किती देते?"

मी म्हणालो, घोडी आहे.

"हो सर, पण दिवसाला साधारण किती लिटर?"

मी परत म्हणालो, बाबा, घोडी आहे, घोडी. वरातीची घोडी. तो थोडा वेळ गप्प बसला. टाइप केल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "गाभण आहे का सर? तसं असेल तर दुधाचा रकाना शून्य टाकतो." मी सांगितलं की पाठ सोलून निघालीये, तिच्यावर खोगीर चढत नाही. तेव्हा त्याचं उत्तर, "मग सर, डोस दुप्पट करून बघा. आणि खरारा रोज करत नाही वाटतं तुम्ही?"

माझ्या आज्यापासून आमच्या घरी घोडी आहे. याच जिल्ह्यातल्या अंकलीहून माउलींचे अश्व दरवर्षी आळंदीला चालत जातात. घोड्याचं अंग कसं राखायचं ते आमच्याकडे पोरांना शिकवावं लागत नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवला होता तो तुम्ही ठेवला. घोड्याच्या औषधाच्या तक्रारीवर दुधाचा रकाना तुम्ही केला. चार फोन केले आणि चौथ्यालाही तुम्हाला जनावर कुठलं आहे ते कळलं नाही.

आणि डोस दुप्पट? डब्यावर 'सेलेनियमयुक्त' लिहिलंय, किती ते लिहिलेलं नाही. घोड्यामध्ये सेलेनियम या खनिजाची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार नसतं. जास्त झालं तर आयाळ आणि शेपटी झडते, खुरांना आडव्या भेगा पडतात. प्रमाण न छापता फोनवरून दुप्पट द्या म्हणणं हा गुन्हा नाही तर काय? माझ्यासारखा एखादा अडाणी माणूस ऐकून देईल. मी दिलं नाही, कारण डॉक्टरांनी तुमचं चूर्ण २६ जुलैलाच बंद करवलं.

पहिल्यांदा तुमच्या कंपनीचं नाव आमच्या तालुक्यात मीच चार जणांना सांगितलं होतं. त्याची आता लाज वाटते.

माझ्या मागण्या. दोन्ही डब्यांचे २,९०० रुपये परत द्या. माझ्या डब्यांच्या बॅचचा तपासणी अहवाल पाठवा, त्यात सेलेनियमचा आकडा हवा. 'संपूर्ण संरक्षण' हे शब्द डब्यावरून काढा. दवाखान्याचा खर्च आणि बुडलेल्या दोन जत्रांची सुपारी याबद्दल काय करणार ते लिहा. आणि फोनवर बसणाऱ्या मुलांना घोड्याचा वेगळा कागद द्या, ज्यात दुधाचा प्रश्न नसेल.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मी विचारून घेतलं आहे. आमच्या भागातले वरातीचे आणि शर्यतीचे घोडेवाले मला ओळखतात, त्यांनाही पाठीचे फोटो दाखवणार आहे.

दुसऱ्या डब्यात किलोभर चूर्ण शिल्लक आहे. ते झाकण लावून, तारीख टाकून ठेवलंय, तपासायचं असेल तर माणूस पाठवा. बिल, डब्याच्या चारी बाजूंचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. मला फोन करू नका, कागदावर उत्तर द्या.

तुमचा ग्राहक,
ताराचा मालक