फसलेले नमुने फेकू नकोस

मुंबई, रविवार

प्रिय मंद्या,

"आमच्या मिश्रणाला पेटंट मिळेल का, हो की नाही एवढंच कळव," असं लिहिलंयस. एवढंच कळवता आलं असतं तर तीन आठवडे कशाला लावले असते, लेका?

सध्या फोर्टच्या ऑफिसात माझ्यापुढे एक जुनं अपील आहे. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं आणि तिथली प्रकरणं उच्च न्यायालयांकडे गेली, त्या गठ्ठ्यातलं. विषय काय, तर पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कचा थर! लॅमिंग्टन रोडवरून आपण दोघांत मिळून एकच सीडी-आरडब्ल्यू घेतली होती, आठवतं? हजारदा पुसता येते म्हणायचे. आपण पन्नासदाही पुसली नसेल.

तिच्यात चांदी, इंडियम, अँटिमनी, टेल्युरियम यांचा पातळ थर. लेसरने ठिपका वितळवून झटकन थंड केला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही आणि तो कमी चकाकतो. हे झालं लिहिणं. वितळणार नाही इतपत तापवला की अणू पुन्हा रांगेत, पुसलं. गंमत पुढेच आहे. अँटिमनीचं प्रमाण वाढवलं तर पुसणं झपाट्याने होतं, पण मग लिहिलेलं कपाटात पडल्यापडल्याच पुसलं जायची भीती. सगळं भांडण या दोन टोकांमधल्या थोड्या टक्क्यांचं. आधीच्या एका पेटंटात या प्रमाणांचा मोठा पल्ला दिलाय, आमच्या अशिलाने त्यातलाच चिंचोळा तुकडा मागितलाय. पेटंट कार्यालयाचा परीक्षक म्हणतो, यात नवं काय?

आणि आमच्याकडे उत्तर नाही! तुकड्याच्या आतले पाच नमुने तपासलेत, पाचही झकास. बाहेरचा एकही नाही. बाहेरचे वाईट निघतात हे दाखवल्याशिवाय आतल्यांचं कौतुक कोण करणार? आमचे साहेब म्हणतात, "युक्तिवादात बघू." मला नाही वाटत. शिवाय २० वर्षांची मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजतात. ती संपतच आलीय. जिंकलो तरी हातात कागदच. (नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागा तरी असते का?)

तुझ्या पत्रातला आलेखही तसलाच आहे, सगळे बिंदू कसे शहाण्या मुलांसारखे रेषेवर. न जमलेल्या मिश्रणांचं काय केलंस? कचऱ्यात गेली असतील तर पुन्हा कर. आणि पेटंटचा अर्ज होईपर्यंत या मिश्रणावरचा शोधनिबंध कुठेही छापायला देऊ नकोस, सरांनी कितीही घाई केली तरी.

शनिवारी डेक्कन क्वीनने ये. आलेख नको, प्रयोगवही आण, खाडाखोडीसकट.

तुझा,
सुध्या