ओझे नको, हे मुलाकडच्यांनी सांगावे

संपादक महोदय,

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आणि ओझ्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून सासरी जाणारे हे ओझे पूर्वी हाऱ्यातून यायचे : नेवऱ्या (करंज्या), लाडू, नारळ, केळ्यांचा घड. आता पिकअप लागते. नेवऱ्या शेकड्यांनी हव्यात, कारण सासरच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीत, घरोघर वाटायच्या असतात. कुणाच्या ओझ्यात काय कमी होते, हे पुढच्या चवथीपर्यंत बोलले जाते.

यंदा आमच्याकडे नवी सून आली. ओझे पाठवू नका, असे मी विहीणबाईंना फोनवर सांगितले, तर त्या घाबरल्या. "आमचं काही चुकलं का?" असे पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. इकडे माझ्या ८४ वर्षांच्या सासूबाई रुसल्या. "वाड्यावर मी काय वाटू?" त्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या पहिल्या चवथीला भाऊ डोक्यावर हारा घेऊन चालत आले होते, आणि त्या काळी नव्या सुनेला माहेरचे माणूस दिसायचे ते अशाच निमित्ताने.

सून वेर्ण्याला नोकरी करते. लग्नाचे कर्ज तिच्या माहेरी अजून फिटायचे आहे. "आजी, आईनं पुन्हा कर्ज काढून पाठवलेलं मला गोड लागणार नाही," असे ती सासूबाईंसमोर बसून म्हणाली. सासूबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र नेवऱ्या घरीच करून आमच्या नावाने वाटायचे ठरले. सारण कसे करायचे, ते सासूबाई सांगणार.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीला आईवडिलांच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. या कायद्याचा आपण अभिमान सांगतो, आणि त्याच गोव्यात मुलीची आई चवथीच्या धास्तीने रात्र रात्र जागते, याचा मला फार त्रास होतो.

ही प्रथा मुलीकडच्यांनी मोडावी, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगते की ओझे आले नाही तर बोलणी त्या मुलीला खावी लागतात. तेव्हा 'नको' हे सासूनेच म्हटले पाहिजे, तेही श्रावण संपण्याआधी, म्हणजे तिकडे सामान भरले जाणार नाही. आमच्या विहीणबाई पंचमीला जेवायला येणार आहेत. रिकाम्या हाती या, असे मी त्यांना बजावले आहे.

— एक सासू, डिचोली