आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: ऑपरेशननंतर घरच्यांना कोण शिकवणार?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचं मोठं आतडं चार महिन्यांपूर्वी काढावं लागलं. वय २७. सहा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज, जखमा, दिवसाला पंधरा पंधरा वेळा रक्ताचे जुलाब. सूज उतरवायला मेसालामाइन झालं, स्टिरॉइड झाले, सलाइनमधून इन्फ्लिक्सिमॅब झालं, आणि शेवटच्या वेळी ॲडमिट केल्यावर सर्जन म्हणाले की अजून थांबलो तर आतडं फुटू शकतं. ऑपरेशन उत्तम झालं. त्या टीमने माझा भाऊ वाचवला हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण हे पत्र त्यांच्या तक्रारीचं नाहीये. हे पत्र डिस्चार्जच्या दिवसाबद्दल आहे आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांबद्दल, जे आम्ही तिघांनी घरात एकट्याने काढले, मी, आई आणि तो.

डिस्चार्ज सातव्या दिवशी मिळाला. मी खाली बिलाच्या काउंटरला उभी होते तेवढ्यात वर वॉर्डात एका सिस्टरनी त्याच्या पोटावरची, मळ गोळा होणारी बॅग बदलली आणि आईला म्हणाल्या, बघून घ्या. आईच्या डोळ्यात पाणी, तिला काय दिसणार होतं? मी वर पोचले तोवर सगळं आवरलं होतं. हातात तीन बॅगा, पेस्टची एक ट्यूब आणि औषधांचा कागद. वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील. त्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड होता, त्यांना मी दोष देत नाही, पण त्या वीस मिनिटांवर आमचे पुढचे दीड महिने उभे होते, आणि ती वीस मिनिटं मी पाहिलीच नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून शिवतात, त्याला स्टोमा म्हणतात. लालभडक, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला दुखण्याची जाणीव नसते. पुसताना थोडं रक्त आलं तर ते चालतं, पण तो काळा किंवा जांभळा पडला तर तडक हॉस्पिटल गाठायचं. त्यावर कंट्रोल नसतो, जे येतं ते येतच राहतं, म्हणून पोटावर चिकटवलेली बॅग असते. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची आणि तीन चार दिवसांनी पूर्ण बदलायची. बदलायची सकाळी, काही खायच्या आधी, कारण तेव्हा आतडं जरा शांत असतं. ही एवढी चार वाक्यं कोणी बोलून दाखवली असती तरी किती फरक पडला असता. आम्ही पहिली बॅग बदलायला घेतली ती जेवणानंतर. काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता, आणि त्या पंधरा मिनिटांत माझ्या भावाचा चेहरा जसा झाला तो मला विसरता येत नाही. "ताई तू बाहेर जा, प्लीज जा" एवढंच म्हणत होता.

बॅगेच्या चिकट प्लेटला स्टोमाच्या मापाचं भोक कात्रीने कापायचं असतं, स्टोमापेक्षा फक्त दोन तीन मिलिमीटर मोठं. मी आपलं सैल असावं म्हणून मोठं कापत होते, घट्ट झालं तर त्याला लागेल असं वाटायचं. लहान आतड्यातून जे येतं त्यात पचनाचा रस असतो, तो उघड्या कातडीला लागला की कातडी पण पचवायला लागतो. चार दिवसांत त्याच्या पोटावर भाजल्यासारखी लाल जखम झाली, ओल्या जखमेवर प्लेट चिकटेना, चिकटेना म्हणून गळायला लागलं, गळलं की आणखी कातडी सोलायची. रात्री दोन, अडीच, चार. चादरी बदलायच्या, त्याला पुसायचं, तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. शिवाय सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो आणि सहा ते आठ आठवड्यांत आकसत जातो, म्हणून भोकाचं माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, हे मला पाचव्या आठवड्यात कळलं.

पण आमची सगळ्यात मोठी चूक पाण्याची. ती मी जरा सविस्तर लिहिते कारण ती कुठल्याही घरात होऊ शकते आणि फक्त प्रेमापोटी होते.

दहाव्या दिवसापासून बॅग फार भरायला लागली. दिवसाला बारा चौदा वेळा रिकामी करत होतो, अगदी पाण्यासारखं पातळ. तो गळून गेला, पोटऱ्यात गोळे यायला लागले, लघवी गडद आणि थोडीशी. कोणालाही वाटेल तेच आम्हाला वाटलं, अंगातलं पाणी जातंय तर पाणी पाजा. आई तासातासाला पेला भरून त्याच्यापुढे धरायची आणि तो बिचारा प्यायचा. जितकं पाजलं तितकं जास्त बॅगेत आलं. तिसऱ्या दिवशी उभं राहताना चक्कर येऊन पडला. परत ॲडमिट. किडनीवर ताण आला होता, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, ते वाढलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की मोठं आतडं रोज साधारण एक ते दीड लिटर पाणी आणि त्याबरोबरचं मीठ परत अंगात ओढून घेतं, ते आतडंच आता नाही, आणि नुसतं साधं पाणी जास्त प्यायलं की लहान आतडं उलट शरीरातलं मीठ बाहेर सोडतं आणि मिठामागे पाणी जातं. म्हणजे आम्ही त्याला पेल्यापेल्याने आणखी कोरडा करत होतो. साधं पाणी मोजून द्यायचं, ओआरएस घोट घोट द्यायचं, बॅगेतलं मापाने मोजून वहीत लिहायचं, दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन करायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर लोपेरामाइड, म्हणजे जुलाब कमी करणारी गोळी, जेवणाआधी. एवढंच. आई ते ऐकून तिथेच खाली बसली. तिने अजून स्वतःला माफ केलेलं नाही, मी कितीही सांगितलं तरी.

महोदय, स्टोमा घेऊन घरी गेलेले पेशंट परत ॲडमिट होण्याच्या कारणांमध्ये शरीरातलं पाणी कमी होणं हे फार वरचं कारण आहे, सर्जन लोकांना हे पक्कं माहीत असतं. मग ते आमच्या कागदावर का नव्हतं? आमच्या कागदावर "भरपूर पाणी प्या" असं लिहिलेलं होतं.

बाकीच्या न सांगितलेल्या गोष्टी पटापट लिहिते. मोठं आतडं काढलं तरी या पहिल्या ऑपरेशनमध्ये गुदाशय, म्हणजे अगदी खालचा शेवटचा भाग, तसाच ठेवलेला असतो, म्हणून खालून चिकट स्राव आणि कधी थोडं रक्त येऊ शकतं. आम्हाला वाटलं आत टाके तुटले. त्याला मधूनच संडासला जोरात लागल्यासारखं वाटायचं, तो जाऊन बसायचा आणि रडवेला होऊन यायचा, तीही नेहमीची गोष्ट निघाली. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या तशाच्या तशा बॅगेत येतात, मग औषधाचा फॉर्म बदलून घ्यावा लागतो. मक्याचे दाणे, मशरूम, सुकामेवा नीट न चावता गेलं तर आतडं तुंबू शकतं, बॅगेत काहीच येईना आणि पोट दुखून उलट्या सुरू झाल्या तर थांबायचं नाही. स्टिरॉइड एकदम बंद करायचे नसतात, पायरी पायरीने. या आजारात ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळीचा धोका जास्त असतो, म्हणून हेपरिनची इंजेक्शनं घरीसुद्धा काही आठवडे चालतात, आमची २८ दिवस होती आणि ती द्यायला मी शिकले, एक पिंडरी सुजली दुखली तर काय करायचं ते मात्र स्वतः शोधून वाचलं.

आणि सगळ्यात अवघड जे होतं ते कुठल्याच कागदावर मावणारं नाही. तो स्वतःच्या पोटाकडे बघत नव्हता. तीन आठवडे बॅग मी बदलली आणि तो छताकडे बघत पडून राहायचा. मित्रांचे फोन घेणं बंद. जवळचे नातेवाईक म्हणायचे, आतडं काढलं म्हणजे आजार गेला ना, मग आता तोंड का पाडून बसलाय? त्यांना कसं सांगू की आजार गेला म्हणून तो खूश पण आहे आणि अंगाचा एक भाग गेला म्हणून दुःखात पण आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी. मी आधी फार बोलायचे, धीर द्यायचे, होईल सगळं नीट वगैरे. नंतर कळलं त्याला बोलणं नको होतं, त्याला हवं होतं की बॅग गळल्यावर कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसू नये. ते मी शिकले. मग एके दिवशी तोच म्हणाला, कात्री दे इकडे, तू वाकडं कापतेस. त्या दिवशी आई आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

मी त्या रात्रींमध्ये मोबाईलवर खूप वाचायचे. आज आपण जी चिकटणारी बॅग वापरतो तिची कल्पना १९५४ मध्ये डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सन नावाच्या नर्सला सुचली, तिची बहीण थोरा स्टोमाच्या ऑपरेशननंतर गळेल या भीतीने घराबाहेर पडत नव्हती म्हणून. बहिणीसाठी. आणि स्टोमा केअर शिकवणारी पहिली थेरपिस्ट जिला मानतात ती नॉर्मा गिल, अमेरिकेतली, तिला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, स्वतःचा स्टोमा होता. तिच्याच सर्जननी, डॉक्टर रूपर्ट टर्नबुल यांनी, १९५८ मध्ये तिला क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये इतर पेशंटना शिकवायला कामावर घेतलं आणि १९६१ मध्ये तिथे त्याचं ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. म्हणजे कापून शिवून काम संपत नाही, शेजारी बसून शिकवणारं माणूस लागतं, हे एका सर्जनला साठ वर्षांपेक्षा आधी पटलं होतं. मला हे वाचून बरं पण वाटलं आणि राग पण आला.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं एकच मोठं आहे. घरच्या एका माणसाने आणि जमत असेल तर पेशंटने स्वतः, सिस्टरच्या डोळ्यासमोर, स्वतःच्या हाताने किमान दोनदा पूर्ण बॅग बदलल्याशिवाय डिस्चार्जवर सही होऊ नये, असा नियम करा. बघून घ्या नाही, करून दाखवा. मोठ्या ऑपरेशनच्या प्रत्येक हॉस्पिटलात ट्रेनिंग घेतलेली स्टोमा नर्स असावी, जी ऑपरेशनच्या आधीच पोटावर जागा खूण करून ठेवेल, पेशंटला बसवून, उभं करून, वाकवून, म्हणजे स्टोमा वळीत येणार नाही आणि आयुष्यभर गळणार नाही. पहिले सहा आठवडे रात्रीसुद्धा उचलला जाईल असा एक फोन नंबर हवा. कागदावर दीड लिटर, ओआरएस, काळा स्टोमा, उलट्या, सुजलेली पिंडरी हे मोठ्या अक्षरात आणि पेशंटच्या भाषेत हवं. बॅगा, पेस्ट, पावडर यांना औषधासारखंच धरा, ज्याला बॅग परवडत नाही तो एक बॅग आठ आठ दिवस ओढतो आणि कातडी जाते. काळजी घेणाऱ्याच्या रजेचंही बघा, माझी नोकरी टिकली कारण माझ्या साहेबांना दया आली, आणि ते दयेवर असू नये. आणि संडास. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००५ मध्ये कायदा केला की अशा आजाराच्या माणसाला दुकानातल्या कर्मचाऱ्यांचं टॉयलेट गरजेला वापरू द्यायचं. भाऊ बाहेर पडायला घाबरतो त्यातली अर्धी भीती एवढ्या एका गोष्टीने जाईल.

त्याचं दुसरं ऑपरेशन आता जवळ आलंय. उरलेला गुदाशय काढून लहान आतड्याचीच पिशवी आत शिवतात, जे-पाउच म्हणतात, ती भरून येईपर्यंत पुन्हा काही महिने तात्पुरता स्टोमा, आणि मग तिसरं ऑपरेशन करून तो बंद. त्यानंतरही दिवसाला चार ते आठ वेळा जावं लागेल, पाउचला सूज येऊ शकते, हे आम्हाला यावेळी सगळं विचारून माहीत आहे.

मागच्या आठवड्यात ओपीडीबाहेर एक गृहस्थ भेटले, त्यांच्या बायकोचं हेच ऑपरेशन झालेलं, हातात तीन बॅगा आणि तसाच कागद. मी त्यांना बाकावर बसवून भोक कसं मोजायचं ते दाखवलं, "भरपूर पाणी प्या" वर पेनाने काट मारली आणि माझा नंबर लिहून दिला. परवा रात्री पावणेतीनला त्यांचा फोन आला, स्टोमा काळपट दिसतोय म्हणाले. मी म्हटलं कपडे बदलत बसू नका, आत्ता निघा. ते निघाले, वेळेत पोचले. पण महोदय, मी नर्स नाही. तो फोन माझ्याकडे यायला नको होता.

आपली,
एका पेशंटची ताई